चंब्याच्या वाटेवरचा माणूस

॥ श्री ॥
मनाली,
ता. २९ सप्टेंबर १९६०

ती. सौ. कावेरीअक्कास,
सुनीतीचा शि. सा. नमस्कार.

निघाल्यापासून हे पहिलं पत्र. उशीर झाला म्हणून रागावू नकोस. बोटं इतकी गारठतात, की टाक धरवत नाही. आत्ता चुलीपुढे बसून लिहिते आहे, तर एका बाजूने भाजते आणि दुसऱ्या बाजूने गोठते.

ह्यांचं काम तुला मागे कळवलंच होतं. जनावरांसाठी म्हणून सरकारने रानं राखून ठेवली, पण त्यांत जनावरं उरली आहेत का, ते बघायला डेहराडूनच्या कचेरीने ह्यांना पाठवलं आहे. बर्फ पडायच्या आत कुलू, मनाली, मग डलहौसी आणि चंबा, सगळं जीपमधून. बायकोला बरोबर न्यायची पद्धत नाही. पण नव्या बिऱ्हाडात मी एकटी राहणार कशी, म्हणून ह्यांनी साहेबांना गळ घातली. ड्रायव्हर बचनसिंग म्हणून आहे. वाटेत देऊळ दिसलं की चालत्या गाडीत दोन्ही हात सोडून नमस्कार करतो. मग मीही करते, दुसरं काय करणार?

आतापर्यंत एक अस्वल दिसलं, तेही पाठमोरं. बाकी नुसत्या लेंड्या. हे त्याही उलटसुलट करून बघतात आणि लिहून घेतात. अक्रोडाची पानं पिवळी होऊन गळताहेत. आपल्याकडे झाड असं एकाएकी उघडं पडलं, तर कीड लागली म्हणतो. इथे म्हणे रीतच आहे.

एक लिहू की नको, कळत नाही. पठाणकोटला गाडीतून उतरलो, तेव्हा मला भावोजींचं शेवटचं कार्ड आठवलं. ते पठाणकोटहूनच आलं होतं ना? ‘कंत्राटदाराकडे कारकुनी मिळाली आहे, वर डोंगरात जातो आहे,’ असं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, पण बाबांनी ते मोठ्याने वाचलेलं आठवतं. स्टेशनावर मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हे म्हणाले, “काही हरवलं का?” मी नाही म्हटलं.

पुढचं पत्र पोस्टमास्तर, डलहौसी यांच्या पत्त्यावर घाल. माईंना नमस्कार.

तुझी,
सुनीती

॥ श्री ॥
वालावल,
ता. ७ ऑक्टोबर १९६०

चि. सौ. सुनीतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माईंना वाचून दाखवलं, पठाणकोटचा मजकूर सोडून. अस्वल पाठमोरंच बरं, असं त्या म्हणाल्या. तू हरिश्चंद्ररावांचा स्वेटर घालून बस. लाजू नकोस, तिथे तुला बघायला कोण आहे?

इकडे भात कापणीला आलं आहे. माईंचा गुडघा दुखतो, तरी रोज लक्ष्मीनारायणाला जाऊन येतात. परवा तळ्याच्या पायरीवर बसल्या त्या उठवेनात. मी आणि शेजारच्या हौसाबाईने धरून आणलं.

आता एक कळवायचं आहे. तुझ्या भावोजींना घर सोडून बारा वर्षं झाली. बाबूभावोजींनी भटजींना विचारलं. शास्त्रात आहे म्हणे, की इतकी वर्षं माणसाची खबर नसली, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याची क्रिया करावी. कार्तिक वद्यात करायचं ठरलं आहे. बाबूभावोजींवर राग धरू नकोस. त्यांच्या मुलीचं लग्न अडलं आहे. सोयरे विचारतात, मुलीचा थोरला काका आहे की नाही? त्यांना तरी काय उत्तर देणार?

माई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत; पोटचा मुलगा आहे त्यांचा. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, तेही मला ठाऊक नाही. संसार सात महिन्यांचा झाला आणि वाट बघणं बारा वर्षांचं. ह्यातलं नक्की काय संपायचं आहे, हे मला कळत नाही.

तू मात्र लोकांच्या तोंडाकडे बघत हिंडू नकोस. नवऱ्याबरोबर गेली आहेस, डोंगर बघ.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥
चंबा,
ता. १८ ऑक्टोबर १९६०

ती. सौ. अक्कास, सा. नमस्कार.

तुझं पत्र डलहौसीला मिळालं. वाचून जेवण गेलं नाही. हे म्हणाले, अक्कांनी नाही म्हणायला हवं. मी म्हटलं, नाही म्हणून पुढे काय करायचं?

डलहौसीहून इथे येताना वाटेत रानातल्या एका बंगल्यात तीन रात्री राहिलो. देवदारांचं रान असं दाट, की दुपारी दिवा लावावासा वाटतो. हरणं दिसली, मोनाल नावाचा निळ्याजांभळ्या पिसांचा पक्षी दिसला. बंगल्यावर एक राखणदार आहे, स्वयंपाकही तोच करतो. पहिल्या रात्री त्याने नदीतल्या माशांचं कालवण केलं. अक्का, घास तोंडात घेतला आणि मला रडूच आलं. धणे, मिरची वाटून, वर कसलंसं आंबट घालून, अगदी आपल्याकडचं. बचनसिंगला ते आवडलं नाही. मी राखणदाराला कुठून शिकलात म्हणून विचारलं, तर खाली मान घालून हिंदीत ‘ऐसे ही’ म्हणाला आणि भांडी घेऊन गेला.

बरं, तुला एक-दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे आपल्या घरच्या माणसांबद्दल विचारतात आणि माझ्या लक्षात काही नीट नाही. भावोजी उंच होते ना? चालताना एक खांदा खाली ठेवायचे, असं मला अंधुक आठवतं. चेहऱ्यावर काही खूण होती का? फोटो तुझ्याकडे एकच आहे की दोन? सहज विचारते आहे.

आम्ही चंब्यालाच महिनाभर आहोत. हे इथून वर रानात जातात, मी पोस्टापाशी एका शिक्षकांच्या घरी राहते. उत्तर लवकर पाठव.

तुझी,
सुनीती

॥ श्री ॥
वालावल,
ता. २८ ऑक्टोबर १९६०

चि. सौ. सुनीतीस आशीर्वाद.

तू विचारलेलं लिहिते. उंच होते, हो. डावा खांदा जरा उतरता. भुवईत एक तुटकी जागा होती, लहानपणी पायरीवर आपटल्याची. फोटो एकच, लग्नातला. तो सोबत ठेवते आहे, जपून ठेव.

भुवई कुठली ते लिहायला गेले आणि टाक थांबला. फोटोत उजवी दिसते. पण माझ्या आठवणीत ते जेवायला बसले आहेत, मी वाढते आहे, आणि तुटकी भुवई माझ्या बाजूला आहे, म्हणजे डावी. मग फोटोवर विश्वास ठेवू की आठवणीवर? बसून डोळे मिटले. भुवई नीट दिसते, खांदा दिसतो, पण तोंड दिसत नाही. मला त्यांचा चेहरा आठवत नाही, गो. बारा वर्षं मी कोणाची वाट बघत होते?

तू हे कशाला विचारतेस, ते माझ्या ध्यानात आलं आहे. तुला वाटतं, मला सगळं आठवायला लागलं म्हणजे मी क्रियेला आडवी येईन. हरिश्चंद्ररावांनीच सांगितलं असेल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण कृपा करून मला भरीला घालू नका. भटजींना सांगून झालं आहे.

अक्का

दुसऱ्या दिवशी सकाळी: पत्र अजून टाकलं नाही. तुझं पत्र पुन्हा वाचलं. माशांच्या कालवणाचं तू इतकं का लिहिलंस? त्यालाच लागून खांद्याचं का विचारलंस? सुनीती, त्या बंगल्यावर तू कोणाला पाहिलंस? खरं लिही. माई चुलीपाशी बसल्या आहेत आणि माझ्याकडे बघताहेत. मी अजून काही बोललेले नाही.

॥ श्री ॥
चंबा,
ता. ७ नोव्हेंबर १९६०

ती. सौ. अक्का,

खरं लिहिते. हे म्हणाले होते, खात्री होईपर्यंत लिहू नकोस. हे आज वर रानात आहेत आणि मी लिहिते आहे.

त्या बंगल्यात दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी तापलं का ते बघायला मागच्या पडवीत गेले. राखणदार पाठमोरा बसला होता. त्याचा कुत्रा रानातून आला. तर तो त्याला म्हणाला, “खंय होतंस रे मेल्या इतको वेळ? ये हय, जेव.”

इतक्या लांब, त्या धुक्यात, मालवणी! मी म्हटलं, “तुमी खंयचे?” त्याने वळून बघितलंसुद्धा नाही. हातातली परात खाली ठेवली आणि रानात निघून गेला. आम्ही निघेपर्यंत परत आलाच नाही. चौकशी केली तर सगळे त्याला ‘बंबईवाला’ म्हणतात, नाव कोणाला ठाऊक नाही. आधी पठाणकोटच्या कंत्राटदाराकडे रस्त्याच्या कामावर होता म्हणे.

उंच आहे. डावा खांदा उतरता आहे, हे मी नीट बघितलं आहे. दाढी वाढलेली, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, त्यामुळे कपाळ दिसलं नाही. तू पाठवलेला फोटो घेऊन मी काल रात्रभर बसले. दाढी लावून बघते, काढून बघते. एकदा वाटतं तेच, एकदा वाटतं मी वेडी आहे. पण कंत्राटदार, पठाणकोट, खांदा, बोली, एवढं सगळं एका ठिकाणी कसं येईल? आणि आपल्या माणसाचा आवाज ऐकून पळायचं कारण काय?

मला वाटतं ते भावोजीच आहेत. क्रिया थांबव. परत जाताना आम्ही त्याच बंगल्यावर थांबणार आहोत; उत्तर डलहौसीच्याच पत्त्यावर घाल.

तुझी,
सुनीती

॥ श्री ॥
वालावल,
ता. १६ नोव्हेंबर १९६०

चि. सौ. सुनीतीस आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. पळसाची पानं आणून झाली होती. ती पडवीत सुपात ठेवलेली होती.

मी माईंना सांगितलं. त्यांनी मला जवळ बसवून मुलाचं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “माझो झील जितो आसा?” मी म्हटलं, “सुनीतीला तसं वाटतं.” ‘वाटतं’ हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही. गुडघा विसरून उठल्या, सूप उचललं आणि पानं उकिरड्यावर टाकून आल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. लक्ष्मीनारायणाला साखर ठेवली, घरोघर वाटली. बाबूभावोजी रागावले. “एका कुत्र्याक हाक मारल्यान म्हणान सोयरीक मोडूची काय?” असं ओरडले आणि मग स्वतःच पडवीत बसून रडले. थोरला भाऊ आहे त्यांचा.

बायका येतात, माझी ओटी भरतात. तुझी पुण्याई म्हणतात. जिथे हसायला हवं तिथे मी हसते. पण तुला म्हणून सांगते, मला आनंद झालेला नाही. काय झालं आहे ते माझं मलाच उमगत नाही. राग म्हणावा, तर कोणावर? जिवंत होते आणि एक कार्ड लिहिलं नाही. इतकी वर्षं मी मनात बोलणी तयार करून ठेवली होती, ते दारात उभे राहिले की काय काय विचारायचं. आज एक शब्द आठवत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ते खरंच येतील ह्याची मला भीती वाटते. आले तर त्यांना कुठे बसवू? कुठल्या ताटात वाढू? परका माणूस गो तो माझा.

त्यांना माझं काहीएक सांगू नकोस. एवढंच सांग, की आई जिवंत आहे आणि गुडघ्याने अधू झाली आहे.

इथे सगळे तुझ्या पत्राची वाट बघतात. पोस्टमन दाजीने आज लांबूनच मान हलवली, म्हणजे आज नाही.

अक्का

॥ श्री ॥
डलहौसी,
ता. २७ नोव्हेंबर १९६०

ती. अक्का,

तुझ्या नावामागे काय लिहू, ह्यापाशी अर्धा तास अडले. ते भावोजी नव्हेत.

तार करणार होते. पण तार म्हणजे तुझ्या हातात पडायच्या आधी गावाने वाचलेली. तुला हे एकटीला वाचता यावं म्हणून पत्रच लिहिते आहे.

वाटेत दरड कोसळल्याने चंब्यातच आठवडाभर अडकलो होतो. मंगळवारी दुपारी बंगल्यावर पोचलो, तेव्हा भुरभुर बर्फ पडत होतं. मी पहिल्यांदाच बघितलं, पण बघितलं असं म्हणवत नाही, डोळे सगळे त्या माणसाकडे लागले होते. ह्या वेळी तो पळाला नाही. दारात उभा होता. मी जीपमधून उतरले ती सरळ जाऊन त्याच्या पाया पडले आणि म्हटलं, “भावोजी, मी सुनीती. अक्का अजून वाट बघते आहे.”

आम्ही आत गेलो, त्याने शेगडी पेटवली. मी बोलत राहिले. वालावल, माई, तुझं सगळं. तू सांगू नको म्हटलेलं पत्र तेव्हा मला मिळालं नव्हतं. तो मान खाली घालून ऐकत होता, त्याच्या दाढीवरून पाणी गळत होतं, आणि अक्का, मला खात्रीच झाली. मग त्याने विचारलं, “आचऱ्याची काय खबर?”

मी म्हटलं, “आचऱ्याची कशाला? वालावलीची विचारा ना.”

तेव्हा त्याने टोपी काढली. कपाळ कोरं, दोन्ही भुवया सारख्या. “बाये,” म्हणाला, “मी लवू. आचऱ्याचो. तुजो भावोजी नाय.”

मी म्हटलं, “मग मघापासून गप्प का बसलात?” तर म्हणाला, “माका शोधूक कोणीतरी इला, असा वाटला. जरा वेळ ऐकतंय म्हटला.”

हे माझ्याकडे बघत होते. मी फोटो पुढे केला. त्याने दिव्यापाशी नेऊन खूप वेळ बघितला. “ह्येका मी बघूक नाय.” कधी म्हणजे कधीच नाही. रस्त्याच्या कामावर नाही, पठाणकोटला नाही.

त्याची गोष्ट अशी. तो होडीचा तांडेल, होडीवरचा मुख्य माणूस होता. बांगड्याच्या हंगामात वाऱ्यात होडी उलटली. त्याचे दोन्ही धाकटे भाऊ होडीवर होते. तो एकटा किनाऱ्याला लागला, तेव्हाच खांदा मोडला. “घराक इलंय, तर कोणी एक सबूद बोललो नाय. सख्खी आवय पण नाय. त्याचीच भीती वाटली.” रात्री निघाला तो जिथे दर्याचा आवाज येणार नाही, तिथपर्यंत यायचं, एवढंच ठरवून. नंतर परत कसं जायचं ते सुचेना. तो त्या पहाटे पळाला, ते मी आचऱ्याची निघेन ह्या भीतीने.

रात्री माझं रडं थांबेना. हे एक शब्द रागाने बोलले नाहीत. सांगितलं होतं ना, असंही म्हणाले नाहीत. आपला कोट काढून माझ्या पाठीवर घातला आणि शेजारी बसून राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तुझं सोळा तारखेचं पत्र इथे येऊन पडलं होतं. ओटी भरली, साखर वाटली, सगळं आता वाचलं. मी काय करून बसले, अक्का? तुला आनंद झाला नाही, असं तू लिहिलंस, त्यात मला सुटल्यासारखं वाटावं, तर माई आहेत. त्यांना कसं सांगशील?

निघताना लवू जीपपाशी आला. आपल्याबद्दल कोणाला सांगू नका, असं आधी तीनदा बजावलं होतं. गाडी सुरू झाली तेव्हा काच ठोकून आईबद्दल म्हणाला, “रुक्मिणी तिचा नाव. रामेश्वराच्या देवळापाठल्यान घर. आसा की नाय, इतक्याच बघा.”

माझी बुद्धी चालत नाही. तू सांग काय करायचं.

तुझी,
सुनीती

॥ श्री ॥
वालावल,
ता. २० डिसेंबर १९६०

चि. सौ. सुनीतीस अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, ते रागाने नव्हे. कशाकशाला आधी हात घालायचा, ते कळत नव्हतं.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी ते तळ्यावर नेऊन वाचलं. घरी आले तर माई दारातच. माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं असणार. मी म्हटलं, “माई, ते नव्हेत.” त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. दोन दिवस पेजेशिवाय काही घेतलं नाही. मी तुझं पत्र त्यांच्या उशाशी बसून सगळं वाचून दाखवलं, लवूचंही. ऐकताहेत की नाही, ते कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बसल्या आणि म्हणाल्या, “त्या आचऱ्याच्या बायेक कोण सांगतला?”

मी म्हटलं, मी जाते. तर म्हणाल्या, “तुका काय कळता? मी येतंय.”

तो गुडघा घेऊन कुडाळ, मालवण, आणि मालवणहून आचऱ्याची गाडी. लवूची आई रुक्मिणीबाई घराच्या पुढे काथ्या वळत बसली होती. तिला डोळ्यांनी कमी दिसतं. माई तिच्यासमोर खालीच बसल्या. नाव नाही, गाव नाही, एकदम म्हणाल्या, “तुझो लवू जितो आसा. डोंगरात आसा. रांधपी आसा.”

तिचा हात थांबला नाही. काथ्या वळतच राहिली. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग तिने विचारलं, “थंय थंडी असतली मगे?”

“असते,” मी म्हटलं.

“आणि दर्या?”

“दर्या नाही तिथे.”

“बरा,” म्हणाली. आणि मग काथ्या बाजूला ठेवून माईंचे दोन्ही हात धरले आणि असं रडली, की शेजारपाजार गोळा झाला. सगळं विचारून घेतलं. तू खाल्लेलं कालवण कसं होतं तेही. तुझ्या पत्रातलं सगळं मी सांगत होते, नसलेलंही थोडं सांगितलं. उठताना तिने माईंना विचारलं, “आणि तुमचो कोण थंय आसा?”

माई म्हणाल्या, “नाय. माझो गेलो.”

बारा वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. परतीच्या गाडीत त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या.

क्रिया परवा मार्गशीर्ष अमावास्येला झाली. माईंनीच बाबूभावोजींना सांगितलं, कर म्हणून. पुतळा केला, तळ्याच्या पलीकडे नेऊन अग्नी दिला. ती मंडळी परतली तशा आळीतल्या चार बायका माझ्याकडे आल्या. बांगड्या फोडायच्या, कपाळ पुसायचं. मी हात पुढे केला होता, गो. आडवी यायचं मला सुचलंही नव्हतं. माई काठी टेकत मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “हात लावशात तर बघा! माझो झील गेलो. तिचा काय गेला? तिका तो गावलोच खंय?”

हौसाबाई म्हणाली, “माई, लोक काय म्हणतले?” तर माई म्हणाल्या, “लोकांका जेवूक बसव.”

मंगळसूत्र मी संध्याकाळी काढून त्यांच्याकडे दिलं. ते त्यांच्या घरचं होतं. त्यांनी घेतलं. कुंकवाला त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. आज सकाळी आरशापुढे बसले आणि हात मध्येच राहिला. कोणाचं म्हणून लावायचं? मग आठवलं, की कुंकू मी परकराच्या वयापासून लावते आहे, तेव्हा कुठे होता नवरा? लावलं. उद्या लावीन की नाही, ते उद्या बघू. कुडाळच्या शाळेत बालवर्गाला बाई हवी आहे, असं बाबांच्या वेळचे मास्तर सांगून गेले. जाईन म्हणते. माई म्हणतात, संध्याकाळच्या गाडीने परत येत असशील तर जा.

तू स्वतःला दोष लावून घेऊ नकोस. तू तसं लिहिलं नसतंस, तर ती क्रिया कार्तिकातच झाली असती आणि माई तेव्हा मध्ये उभ्या राहिल्या नसत्या. की राहिल्या असत्या? कोण जाणे. माझ्या मनात अजून बरीच गुंतागुंत आहे. पण रात्री झोप लागते.

माझ्या नावामागे काही लिहू नकोस. नुसतं अक्का लिही.

तुझी,
अक्का

ता. क. रुक्मिणीबाईने लवूला निरोप दिला आहे. तिने सांगितला तसा मी वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवला आहे. वाट बर्फाने बंद व्हायच्या आत हरिश्चंद्ररावांनी एखाद्या वनरक्षकाबरोबर तो पोचवावा. आणि त्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावं. मजकूर थोडाच आहे: ‘तेव्हा मी बोललंय नाय, ता माझा चुकला. येवचा तर ये. येवचा नसात तर तसा कळव. आता वाट बघूक माका जमाचा नाय.’